सात नंबरचा मुकादम

समुद्राचं रक्षण करायला निधड्या छातीची माणसं लागतात, असं एका पाहुण्यांनी आमच्या कॉलेजात पर्यावरणावरच्या भाषणात सांगितलं होतं. पाहुणे सोलापूरला पहिल्यांदाच आले होते. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या श्रोत्यांनी समुद्रावरचं भाषण तासभर ऐकलं आणि ते संपल्याबद्दल मनापासून टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा कॉलेजचा ग्रंथपाल होतो, म्हणून पहिल्या रांगेत बसणं भाग होतं. निधड्या छातीचं ते वाक्य मला पटलंही होतं. पुढे मी भवानी पेठेत राहायला आलो आणि अंबादासमामांची ओळख झाली. समुद्राचं रक्षण करणारा हा एवढा एकच माणूस मी जवळून पाहिला आहे, आणि त्यांना छताच्या पंख्याची भीती वाटते.

उन्हाळ्यात सोलापूर तापतं तेव्हा मामा पंखा चालू ठेवतात, पण पडेल या भीतीनं कॉट ओढून कोपऱ्यात नेतात. वारा खोलीच्या मध्यभागी मोकळ्या फरशीला लागतो आणि मामा कोपऱ्यात घामानं निथळत बसतात.

“मग लावता कशाला?” मी एकदा विचारलं.

“लई गरम होतंय की, सर.”

रिक्षात ते एकटे असले तरी बरोबर मधे बसतात. लिफ्टमध्ये चढत नाहीत, आणि सरकता जिना त्यांनी फक्त ऐकला आहे. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं जायची वेळ आली तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, भिंतीला हात लावून जातात. लक्ष्मीमामी, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून घरातला गॅस पेटलेला नाही. जेवण खाणावळीतून डब्यात येतं. डबा आला नाही तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

एवढं असून रोज सकाळी साडेसातला, मी दूध आणायला निघालो की, समोरच्या माडीची खिडकी उघडते आणि मामांचा आवाज येतो, “सर, चहा घेता काय?”

“घेऊ की.”

“उद्या.”

खिडकी बंद.

नऊ वर्षं हे चाललं आहे. पहिल्या आठवड्यात मी खरंच वर गेलो होतो. मामांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंख्याखालून खुर्ची जरा बाजूला घ्यायला लावली, आणि चहाचं नाव काढलं नाही. घरातला गॅस बंद आहे हे मला नंतर कळलं. तेव्हा माझं मत झालं की माणूस भित्रा तर आहेच, वर कंजूषही आहे. हे मत मी बरीच वर्षं वापरलं.

मामा टॉवेलच्या कारखान्यात जकार्डच्या पट्ट्या पाडायचे. टॉवेलवर मोर हवा असेल तर तो आधी चौकटीच्या कागदावर काढतात. मग पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडून तो मोर मागाला समजेल अशा भाषेत लिहायचा. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं तो खाली राहतो. हजारो भोकांतलं एक चुकलं की मोराचं काहीतरी जातं. मामांच्या हातून आयुष्यात एकदाच चुकलं आणि एक अख्खा ढीग आंधळ्या मोरांचा निघाला. मालकानं त्यांना कामावरून काढलं नाही. तो ढीग हातगाडीत घालून त्यांच्या घरी पाठवून दिला. बाजारात त्यातला एकही टॉवेल गेला नाही. मामांकडे अजूनही हात पुसायला मागितलं की डोळा नसलेला मोर हातात येतो.

त्या दिवसापासून मामा दोष शोधत जगले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “भोक खोटं बोलत न्हाय, सर.” माणूस खोटं बोलतो, मालक बोलतो, वर्तमानपत्र तर बोलतंच, पण पट्टीवर भोक असेल तर असतं आणि नसेल तर नसतं. पुढे सगळं डिझाइन कॉम्प्युटरवर गेलं, पुठ्ठे रद्दीत गेले आणि मामा घरी आले.

पद्मा ही त्यांची एकुलती मुलगी. भवानी पेठेतल्या पोरी नर्सिंगला जातात, बँकेत जातात, पुण्याला कंपनीत जातात. माशांकडे गेलेली ही पहिलीच. कोकणात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत तिला नोकरी लागली तेव्हा पेठेत पेढे वाटले गेले आणि मामांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही.

“नदीला दोन काठ असतेत,” ते मला म्हणाले. “समुद्राला आपल्या बाजूचा एकच दिसतोय. पलीकडं कुणी बघितलंय?”

मी त्यांना पलीकडच्या देशांची नावं सांगितली. त्यांचं समाधान झालं नाही.

पद्माचं काम असं. मासा पकडायचा, त्याच्या पोटात औषधाच्या गोळीएवढा टॅग घालून टाका मारायचा आणि त्याला परत सोडून द्यायचं. टॅग ठरावीक वेळानं पाण्यात आवाज करून आपला नंबर सांगत राहतो. मामांच्या भाषेत, “मी हाय, मी हाय, म्हनत फिरतोय.” समुद्राच्या तळाशी, खडकाखडकापाशी ऐकणारी यंत्रं ठेवलेली असतात. टॅगवाला मासा जवळून गेला की यंत्र त्याची नोंद करतं. काही महिन्यांनी कुणीतरी पाण्याखाली उतरून ती यंत्रं वर काढायची आणि नोंदी वाचायच्या. त्यावरून कोणता मासा कुठे राहतो, कधी बाहेर जातो, कधी घरी येतो हे कळतं, आणि मग समुद्राचा कोणता तुकडा जाळ्यांसाठी बंद करायचा ते सरकार ठरवतं. म्हणजे आधी माशांना विचारायचं आणि मग रेघ मारायची. आपल्याकडे माणसांसाठी रस्ते करतानासुद्धा अशी पद्धत नाही.

नोंदींमध्ये चुकीचे आवाज पुष्कळ येतात. दोन टॅग एकदम बोलले की यंत्राला तिसराच, अस्तित्वात नसलेला नंबर ऐकू येतो. असली खोटी टिंबं कॉम्प्युटर काढतो, तरी काही राहतात. पद्मानं एकदा सहज त्या नोंदी वडिलांना मोबाइलवर दाखवल्या. प्रत्येक माशाची एक लांब पट्टी, एक चौकट म्हणजे एक तास, आणि त्या तासात माशाची हाक ऐकू आली असेल तर चौकटीत काळं टिंब.

मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, ही जकार्डची पट्टी हाय की.”

तेव्हापासून दर काही महिन्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात मामांसाठी मासे येऊ लागले. दुकानदार कागद एकाला एक चिकटवून गुंडाळी करून ठेवायचा. मामा ती गुंडाळी कॉटवर पसरायचे आणि लाल पेन्सिलीनं संशयित टिंबांना गोल करायचे. पद्मा ते तपासून घ्यायची आणि मला म्हणायची, “काका, बापूंचे दहातले नऊ बरोबर निघतात.” बाप-लेक एकमेकांशी तेलुगू बोलत. मी बसलेला असलो तर फोन स्पीकरवर टाकून मराठी.

ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता त्या मामांना मासे मात्र स्वभावासकट पाठ झाले. एक मासा दर पौर्णिमेच्या आसपास खोल पाण्याकडे जाऊन यायचा, त्याचं नाव त्यांनी ‘सावकार’ ठेवलं होतं. एक कधीच एका जागी नसायचा, तो ‘सेल्समन’. आणि सात नंबरच्या यंत्रापाशी एक गोबरा होता. गोबरा हा खडकाच्या कपारीत राहणारा जाड ओठांचा मासा, असं पद्मानं सांगितलं. तो दिवसरात्र आपल्याच खडकापाशी असायचा. त्याचं नाव ‘मुकादम’, कारण कारखान्यातला मुकादमही सगळे घरी गेले तरी हलायचा नाही.

या मुकादमावर पद्माचं बरंच काही अवलंबून होतं. सात नंबरचा खडक बंदीच्या रेषेत यावा म्हणून ती दोन वर्षं धडपडत होती. तिथल्या मच्छीमारांचं म्हणणं, मासे येतात आणि जातात, एका खडकासाठी आमची जाळी का अडवता? मासे तिथे राहतात, हे दाखवायला तिला एक बिनतोड पट्टी हवी होती. मे महिन्यात, शेवटच्या गुंडाळीत ती आली. मुकादमाच्या पट्टीत पहिले काही महिने टिंबं अधूनमधून तुटलेली होती, पण पुढे सलग काळी ओळ, एकही चौकट रिकामी नाही.

मामांनी मला मुद्दाम वर बोलावून ती दाखवली. “बघा, काय साफ विनलंय! चाळीस वर्षांत असा माल बघितला न्हाय.” फोनवर पद्माला म्हणाले, “सात नंबर बिनडाग हाय, पोरी. डोळे झाकून घे.”

पद्मानं घेतला. शुक्रवारी अधिकारी आणि मच्छीमार यांची बैठक होती. तिथे पडद्यावर पहिली पट्टी मुकादमाची दाखवायची ठरली.

सोमवारी सकाळी साडेसातला मी दुधाला निघालो, तर खिडकीतून चहाऐवजी वेगळंच आलं. “सर, शेवंताबाईंचा दिवा चालू हाय.”

शेवंताबाई आमच्या गल्लीत एकट्या राहतात. सरकारी दवाखान्यात आया होत्या. त्यांच्या दारावरचा दिवा संध्याकाळी सातला लागतो आणि नवाला बंद होतो. विजेच्या बिलाबाबत बाईंची मतं कडक आहेत.

“राहिला असेल,” मी म्हणालो.

“राहत न्हाय,” मामा म्हणाले. “रात्रभर सलग चालू हाय. मधे एकदा पन बंद न्हाय. सर, तुमी दार वाजवा. मला भीती वाटतीय.”

दार आतून बंद होतं. हाका मारल्या, उत्तर नाही. शेवटी गल्लीतल्या दोघांनी खांदा लावून दार मोडलं. शेवंताबाई न्हाणीत पडलेल्या होत्या, मांडीचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर. पाण्यावाचून जीभ कोरडी पडलेली असतानाही त्यांचा पहिला शब्द होता, “दार कुनी मोडलं? गेल्या वर्षी नवं केल्तं.”

त्यांना दवाखान्यात पोचवून दुपारी परत आलो तर मामा कॉटवर बसलेले. समोर मुकादमाची पट्टी. पंखा बंद. मामांनी पंखा बंद ठेवला म्हणजे काहीतरी गंभीर आहे एवढं मला कळत होतं.

“सर,” ते म्हणाले, “माझ्याकडनं लई मोटी चूक झाली.”

“काय झालं?”

“जिता माणूस दिवा मधे बंद करतो की. जिता मासा कपारीत शिरतो, खडकामागं जातो, तवा हाक ऐकू येत न्हाय. पट्टी तुटती. ह्ये बघा पयल्या महिन्यांत, तुटलीय. मग हितनं...” त्यांचं बोट एका चौकटीवर थांबलं. “हितनं एक बी तुट न्हाय. मुकादम मेलाय. टॅग यंत्राच्या पायाशी पडलाय आनि ‘मी हाय, मी हाय’ म्हनतोय.”

मी पट्टीकडे पाहिलं. मलाही ती आता वेगळी दिसायला लागली. चाळीस वर्षं मामांनी तुटलेल्या जागा शोधल्या होत्या. जिथे काही तुटलेलंच नाही तिथे त्यांची नजर थांबायचं कारण नव्हतं. कापडात जे सगळ्यात चांगलं, तेच या पट्टीत सगळ्यात वाईट होतं.

“पद्माला सांगा,” मी म्हणालो.

मामांनी मोबाइलला हात लावला नाही. मला वाटलं, मुलीचा खडक जाईल म्हणून घाबरलेत. तसं म्हणालोही.

“खडकाचं न्हाय, सर.” त्यांनी मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. होडी, त्यात चारपाच माणसं, आणि काठावर पाय सोडून बसलेली काळ्या रबरी पोशाखातली एक आकृती. तोंडावर मोठा चष्मा, चेहरा ओळखू येत नव्हता. “ती मला सांगती, खाली पोरं उतरतेत, मी वर होडीत बसून लिहिते. चार वर्षं सांगती. ह्यो फोटो तिनंच धाडलेला. खांद्यावर काय हाय बघा.”

मी फोटो मोठा केला. त्या आकृतीच्या खांद्यावर ओला टॉवेल होता. त्यावर मोर होता. मोराला डोळा नव्हता.

“तीच उतरती,” मामा म्हणाले. “मी कदी विचारलं न्हाय. विचारलं तर मग माहीत हाय असं होईल. आता मी जर सांगितलं की मुकादम मेलाय, तर ती खात्री करायला खाली जानार. पावसाळ्याच्या तोंडाला. मी सांगितल्यामुळं जानार. आनि न्हाय सांगितलं तर तिनं मेलेला मासा जिता म्हनून सगळ्यांपुढं ठिवायचा.”

एरवी मी अशा वेळी काहीतरी शहाणपणाचं बोलतो. पुस्तकांत राहिल्याचा तो परिणाम आहे. त्या दिवशी मी फक्त तांब्यातलं पाणी ओतून त्यांच्यापुढे ठेवलं.

मामांनी एकदा दाराकडे जाऊन कडी तपासली, परत आले, पट्टीची घडी घातली, उलगडली. मग फोन लावला. माझ्यासाठी स्पीकरवर.

“पद्मा, सात नंबर खोटा हाय,” ते एका दमात म्हणाले आणि सगळं सांगितलं.

पलीकडे की-बोर्डचा आवाज आला. मग पद्मा म्हणाली, “बापू, कॉम्प्युटरनं त्याला सगळ्यात वर टाकलं होतं. मीही बघितलंच नाही. आपण चुकीचे आवाज काढत बसलो.” मग तारखा बघून म्हणाली, “खात्री करायला पाहिजे. बुधवारी होडी मिळेल. त्यानंतर सगळे होड्या वर ओढतात.”

“कोन उतरनार?”

“पोरं आहेत की, बापू.”

“बरं,” मामा म्हणाले.

बुधवारी सकाळी मी साडेसातला बाहेर पडलो. खिडकी उघडली नाही. दहा पावलं गेलो आणि थांबलो. नऊ वर्षं ज्या हाकेला मी वैतागत आलो ती आली नाही, एवढंच झालं होतं. तरी मी मागे वळलो. दूध राहिलं, मी जिना चढून वर गेलो.

मामा कॉटच्या कडेवर बसले होते. मांडीवर तसलाच एक टॉवेल. “आलात? बसा,” म्हणाले.

होडी सातला निघणार होती. अकरापर्यंत फोन येईल, असं पद्मानं सांगितलं होतं. मी बसलो. शेजारच्या घरात माग चालू होता, खट् खट्, खट् खट्. मामा त्या आवाजाला कान लावून बसले होते. माग मधेच थांबला, धागा तुटला असेल, आणि मामांनी श्वास सोडला. तो पुन्हा सुरू झाला तसं त्यांनी टॉवेलचा काठ मुठीत धरला.

“पान्याखाली हवा किती पुरती?” त्यांनी विचारलं.

“पाठीवर टाकी असते. पुरेल तेवढी.”

“टाकीला झाकन घट्ट असतंय?”

“असतं.”

“कुनी बघितलंय?”

अकरा वाजले. फोन आला नाही. साडेअकरा. “होडीत नेटवर्क नसतं,” मी म्हणालो. मामांनी मान हलवली. बाराला डबा आला, तसाच राहिला. पाऊणला मामा उठले, पंखा लावला, आणि येऊन खोलीच्या बरोबर मधे, पंख्याच्या खाली उभे राहिले. मला वाटलं चुकून. नंतर लक्षात आलं, एका मोठ्या भीतीपुढे त्या दिवशी बाकीच्या सगळ्या भीतींना सुट्टी होती. त्यांच्या डोळ्यांत पाहायचं मी टाळलं. मलाही भीती वाटत होती, आणि ती पद्मासाठी वाटते आहे की या माणसासाठी, ते मला ठरवता येईना.

एक चाळीसला फोन वाजला. मामांनी तो माझ्यापुढे धरला, बटण मी दाबलं.

“बापू! बापू, तुमचं बरोबर होतं. टॅग वाळूत पडलाय, यंत्राच्या अगदी पायाशी, हातभर अंतरावर. मुकादम नाही. पण बापू, ऐका, त्याच कपारीत दुसरा गोबरा बसलाय! मोठा. टॅग नाही त्याला. मी टॉर्च मारला तर तोंड बाहेर काढून माझ्याकडे असा बघायला लागला...”

ती थांबली. आपण काय बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं होतं.

खोलीत पंख्याचा आवाज. शेजारी माग.

“मुकादमाची जागा रिकामी राहत न्हाय,” मामा म्हणाले. मग थोड्या वेळानं, “डोकं नीट पुसून घे. कानात पानी राहतंय. टॉवेल हाय न्हवं?”

“आहे,” पद्मा म्हणाली. “बापू, तुम्हाला कधीपासून...”

“जेवून घे,” मामा म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला, कारण बंद करायचं बटण त्यांना सापडेना.

शुक्रवारची बैठक झाली. पद्मानं पहिली पट्टी मुकादमाचीच दाखवली आणि हा मासा अमुक तारखेला मेला असं सांगितलं. वरिष्ठांना ते आवडलं नाही. एक म्हातारा मच्छीमार मात्र उठून म्हणाला, की त्या कपारीत एक गोबरा गेला की दुसरा येतो, त्याच्या आजोबांच्या वेळेपासून येतो, एवढ्यासाठी माशाच्या पोटात यंत्र कशाला घातलं? पद्मानं ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. भाषणं झाली, समुद्राच्या भवितव्याबद्दल गंभीर चिंता व्यक्त झाली, आणि सात नंबरचा खडक नकाशात तूर्त तुटक रेषेनं दाखवायचं ठरलं.

“तुटक हाय?” मामांनी फोनवर विचारलं. “मग जिवंत हाय.”

शनिवारी मी गुंडाळी परत ठेवायला त्यांना मदत करत होतो. कपाटामागे भिंतीला चौकटीच्या कागदाची आणखी एक पट्टी लावलेली दिसली. ओळींपुढे नावं होती. पद्मा, फोन. शेवंताबाई, दिवा. डबेवाला. झेरॉक्स. आणि ‘सर, दूध’. माझ्या ओळीत नऊ वर्षांची टिंबं होती. दोन वर्षांपूर्वी मी बहिणीकडे मोडनिंबला आठ दिवस गेलो होतो, तिथे चौकटी रिकाम्या. चौथ्या चौकटीत पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह, नवव्या चौकटीत ‘आले’.

“हे काय, मामा?”

ते ओशाळले. “लक्ष्मी गेली तवा मी कारखान्यात होतो. घरात रेडिओ चालू होता. दिवसभर सगळ्यांना वाटलं, घरात माणूस हाय.” ते पट्टी सरळ करू लागले. “म्हनून बघतो. बाकी काय न्हाय.”

मी सगळ्या ओळी वाचल्या. “आणि तुमची ओळ?”

“माझी कशी असंल, सर? स्वतःची हाक स्वतःला काय ऐकायची?” त्यांनी खिडकीकडे बोट केलं. “माझी पट्टी तुमच्याकडं हाय की. रोज साडेसातला.”

मी खाली आलो. नऊ वर्षं वापरलेलं एक मत टाकून द्यायचं होतं, त्याला थोडा वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी मी सात वाजून एकोणतीस मिनिटांनीच गल्लीत जाऊन उभा राहिलो. खिडकी उघडली.

“सर, चहा घेता काय?”

“घेऊ की,” मी जरा मोठ्यानं म्हणालो.

“उद्या.”

चहा अजून मिळालेला नाही.